नोंदींची गाळणी : ‘आरे’ शोधताना ‘वारे’ का सापडते?

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत आरे-वारे लागते. डोंगराच्या सोंडेने एकमेकींपासून अलग झालेल्या दोन पुळणी, काठावरची सुरूची बने आणि खाली पसरलेला समुद्र पाहण्यासाठी पर्यटक येथे हमखास थांबतात. बोलताना ही दोन्ही नावे एका दमात उच्चारली जातात. परंतु गावांच्या एखाद्या यादीतून फक्त ‘आरे’च्या नोंदी वेगळ्या काढण्यास संगणकाला सांगितले, तर हे साधे वाटणारे काम किती निसरडे आहे, हे ध्यानात येते. यादी रोमन लिपीत असेल तर आऱ्याबरोबर वारेही हाती लागते. देवनागरीत असेल तर वारे गळते, पण कधी कधी आरेही गळून जाते.

तांदूळ निवडताना खडा राहून गेला तर तो दाताखाली येतो आणि चूक कळते. खड्याबरोबर चार दाणे टाकले गेले, तर ते कोणाला कळत नाही. नोंदी गाळणाऱ्या आज्ञावलीचेही तसेच आहे. यादीत नको ते आले तर डोळ्याला दिसते. हवे ते गळले तर काहीच दिसत नाही. म्हणूनच गाळणी कशी लिहावी यापेक्षा गाळलेले कसे तपासावे, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

विभाजित फाईल म्हणजे काय?

कार्यालयातील नोंदवहीत आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीतील एक बाब. हीच वही साध्या मजकुराच्या रूपात संगणकावर ठेवायची, तर उभ्या रेघांच्या जागी एखादे चिन्ह वापरावे लागते. हे चिन्ह बहुधा स्वल्पविराम असते. काही ठिकाणी अर्धविराम, टॅब किंवा उभी रेघ वापरतात. अशा चिन्हाला विभाजक आणि अशा फाईलीला विभाजित फाईल म्हणतात. स्वल्पविरामाने विभागलेली फाईल ‘सीएसव्ही’ या नावाने सर्वत्र ओळखली जाते. बँकेचा खातेउतारा, शाळेची पटसंख्या, मतदारांची किंवा लाभार्थींची यादी यांपैकी काहीही एका संगणकप्रणालीतून दुसरीत न्यायचे झाले, की ते बहुधा याच रूपात जाते.

या प्रकाराचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात फाईल उघडते आणि वाचता येते. मोठा दोषही साधेपणाच. कोणता रकाना अंकांचा, कोणता अक्षरांचा, अक्षरे कोणत्या संकेतप्रणालीत साठवली आहेत, यांपैकी काहीही ती फाईल स्वतः सांगत नाही. वाचणाऱ्याने ते गृहीत धरायचे असते, आणि बहुतेक चुका या गृहीतांतूनच जन्मतात.

छिद्रांच्या पत्त्यांपासून ‘ऑक’पर्यंत

मोठ्या यादीतून हव्या त्या नोंदी यंत्राने निवडण्याची कल्पना जनगणनेच्या गरजेतून पुढे आली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची यंत्रे वापरली गेली. प्रत्येक माणसामागे एक पत्ता, आणि त्या पत्त्यावर वय, लिंग, जन्मस्थान दर्शवणारी छिद्रे, अशी ती पद्धत होती. छिद्र ठरलेल्या जागी असेल तरच विजेचे मंडल पूर्ण होई आणि मोजणी पुढे सरके. हॉलरिथ यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीलाच १९२४ मध्ये ‘आयबीएम’ हे नाव मिळाले.

आज वापरल्या जाणाऱ्या मजकूर-गाळण्यांची घडण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात झाली. युनिक्स या कार्यप्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ‘ग्रेप’ ही आज्ञा लिहिली. दिलेला आकृतिबंध ज्या ओळीत सापडेल ती ओळ दाखवायची, एवढेच तिचे काम. १९७७ मध्ये अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी ‘ऑक’ ही छोटी भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ग्रेप ओळ पाहते, ऑक रकाने ओळखते, हा दोहोंतील मुख्य फरक. पुढे १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आली, त्यानंतर ‘पायथन’ रुळली. तरीही एखादी भलीमोठी यादी झटपट चाळायची असेल, तर जाणकाराचा हात आजही ग्रेप आणि ऑककडे वळतो. या आज्ञा सगळी फाईल एकदम स्मृतीत न घेता एकेक ओळ वाचून सोडून देतात. त्यामुळे लाखो ओळींची फाईलही साध्या संगणकावर चाळता येते.

ओळ पाहावी की रकाना?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजण्यासाठी पुढील छोटी यादी पुरेशी आहे. पहिली ओळ शीर्षकाची. त्यानंतर प्रत्येक ओळीत गाव, तालुका आणि जिल्हा असे तीन रकाने आहेत.

गाव,तालुका,जिल्हा
आरे,रत्नागिरी,रत्नागिरी
वारे,रत्नागिरी,रत्नागिरी
गणपतीपुळे,रत्नागिरी,रत्नागिरी
जयगड,रत्नागिरी,रत्नागिरी
वेळणेश्वर,गुहागर,रत्नागिरी
हर्णै,दापोली,रत्नागिरी
आरे,करवीर,कोल्हापूर
आरेवाडी,कवठेमहांकाळ,सांगली

या यादीतून रत्नागिरी तालुक्यातील गावे हवी आहेत. ग्रेपला ‘रत्नागिरी’ हा शब्द दिला, तर ती सहा ओळी दाखवील. कारण वेळणेश्वर आणि हर्णै यांच्या ओळींतही जिल्ह्याच्या रकान्यात तोच शब्द आहे. शब्द ओळीत आहे, हे ग्रेपला कळते. तो कितव्या रकान्यात आहे, हे कळत नाही. ऑकमध्ये हीच अट अशी लिहितात :

$2 == "रत्नागिरी"

डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढील अंक म्हणजे रकान्याचा क्रमांक. बरोबरीची दोन चिन्हे म्हणजे ‘तंतोतंत समान’. या अटीला चारच ओळी उतरतात आणि त्याच बरोबर आहेत. जिल्हा आणि तालुका एकाच नावाचे असणे ही महाराष्ट्रात नित्याची गोष्ट आहे. तेव्हा रकाना न सांगता केलेला शोध येथे चुकणारच.

ऑकला विभाजक कोणता हे मात्र आरंभीच सांगावे लागते. न सांगितल्यास ती मोकळ्या जागेलाच विभाजक मानते. मग कोणी कवठेमहांकाळ हे नाव ‘कवठे महांकाळ’ असे तोडून लिहिले असेल, तर एकाचे दोन तुकडे होतील.

अंश आणि पूर्ण

आता ‘आरे’ शोधू. ‘पहिल्या रकान्यात आरे ही अक्षरे कोठेही असावीत’ ही अट अशी :

$1 ~ /आरे/

हिला तीन ओळी उतरतात : रत्नागिरीचे आरे, करवीरचे आरे आणि आरेवाडी. तंतोतंत समानतेची अट घातली तर आरेवाडी गळते आणि दोन ओळी उरतात. रत्नागिरीचेच आरे हवे असेल, तर दोन अटी जोडाव्या लागतात :

$1 == "आरे" && $3 == "रत्नागिरी"

येथे लिपीचा एक मनोरंजक भेद समोर येतो. हीच यादी रोमन लिपीत असेल, तर ‘वारे’ या शब्दाचे पहिले अक्षर सोडल्यावर उरतो तो नेमका ‘आरे’. म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता अंशाने शोध घेतल्यास वारेही सापडते आणि तीनाऐवजी चार ओळी हाती येतात. देवनागरीत तसे होत नाही. ‘आरे’मधील आ हा स्वतंत्र स्वर आहे, तर ‘वारे’मध्ये व या व्यंजनाला काना जोडलेला आहे. कानाला आ शी उच्चाराचे नाते असले, तरी संगणकाच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे आहेत. म्हणून देवनागरीत ‘वारे’च्या पोटात ‘आरे’ नाही. मराठी नावांची यादी रोमन लिपीत लिहून गाळणे हे देवनागरीत गाळण्याहून अधिक चुकीला वाव देणारे आहे, ते असे. शिवाय रोमन लिपीत आरे एका स्वराने लिहावे की दोन, वारेचे पहिले अक्षर कोणते घ्यावे, याला धरबंध नसतो. पाट्यांवर, नकाशांत आणि हॉटेलांच्या जाहिरातींत या दोन नावांची निरनिराळी रोमन रूपे दिसतात.

नाव गावाच्या रकान्यात नसून मोकळ्या मजकुरात असेल, तर अडचण आणखी वाढते. वर्तमानपत्राच्या जुन्या बातम्यांत ‘वारे’ शोधले तर निवडणुकीचे वारे, सोसाट्याचे वारे आणि कारंजाचे फवारेही येतात. ‘आरे’ शोधले तर गोरेगावची आरे वसाहत आणि अभियंत्याचे आरेखनही येते. अशा वेळी शब्दाच्या दोन्ही टोकांना काय असावे, हेही अटीत सांगावे लागते.

दिसते तसे नसते

देवनागरीने एका घोळातून सोडवले, तरी दुसरा घोळ तिच्याच पोटात आहे. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या स्मृतीत सारखे असतीलच असे नाही.

आजची बहुतेक मराठी फाईल युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत असते. तिच्यात प्रत्येक स्वर, व्यंजन आणि मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘आरे’ या शब्दात आ, र आणि एकाराची मात्रा असे तीन क्रमांक येतात. ‘वारे’मध्ये व, काना, र आणि मात्रा असे चार. आपल्याला दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचेच दिसतात. साठवणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. म्हणून आरे नऊ बाइटांचे, तर वारे बारा बाइटांचे. ही पद्धत १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह ज्या केन थॉम्प्सन यांनी रचली, त्यांनीच ग्रेप लिहिली होती. रकाना ‘पहिली दहा अक्षरे’ अशा मापाने कापणारी आज्ञा बाइट मोजत असेल, तर ती मराठी अक्षराच्या मधोमध कात्री चालवते.

आता कोणी आ टंकण्याऐवजी आधी अ आणि मग काना टंकला, तर काही ठिकाणी तो आ सारखाच दिसतो. साठवणीत मात्र एकाऐवजी दोन क्रमांक जातात. अशा ‘आरे’ला वरची तंतोतंत समानतेची अट उतरत नाही. डोळ्यांना शब्द दिसतो, गाळणीला दिसत नाही. युनिकोडमध्ये समान रूपे एकसारखी करण्याची ‘सामान्यीकरण’ नावाची पद्धत आहे; पण अ अधिक काना आणि आ यांना ती एकच मानत नाही. ही दुरुस्ती वेगळ्या आज्ञेने स्वतःच करावी लागते.

खुद्द ‘रत्नागिरी’ हा शब्दही निर्धोक नाही. काही फॉन्टांत त आणि न यांचे जोडाक्षर एकाखाली एक असे दिसे. ते आडवे, अर्धा त स्पष्ट दिसेल असे यावे, म्हणून अनेक टंकलेखक या दोहोंच्या मध्ये ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे अदृश्य चिन्ह घालत. त्याचा वापर आजही पुष्कळ मराठी मजकुरात आढळतो. ते चिन्ह असलेली रत्नागिरी आणि नसलेली रत्नागिरी या गाळणीच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू आहेत. वाऱ्यावर, किनाऱ्यावर अशा शब्दांतील र चे खास मराठी रूपही दोन पद्धतींनी टंकता येते; एकीत नुक्ता असलेला ऱ, तर दुसरीत साधा र आणि त्यापुढे तोच अदृश्य जोडक. म्हणून गाळण्यापूर्वी अशी अदृश्य चिन्हे काढून टाकणे आणि पर्यायी रूपे एकसारखी करणे हे पहिले काम समजावे.

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाईली असतील, तर परिस्थिती आणखी बिकट. त्या काळातील फॉन्ट रोमन अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. हिंदी-मराठी टंकलेखनात बराच चाललेल्या ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये य हे अक्षर अर्धविरामाच्या जागी आणि ए हे स्वल्पविरामाच्या जागी आहे. अशी फाईल अर्धविरामाने विभागली असेल, तर ‘जयगड’ य पाशी दुभंगून ‘ज’ आणि ‘गड’ असे दोन रकाने होतात. अशा फाईली आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय गाळण्याच्या भानगडीत पडू नये.

स्वल्पविरामाचा पेच

विभाजक म्हणून निवडलेले चिन्ह मजकुरातच आले तर काय करायचे, हा या फाईलींचा सनातन प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. हा आकडा आपल्या पद्धतीने स्वल्पविरामांसह लिहिला, तर स्वल्पविरामाने विभागलेल्या फाईलीत त्याचे तीन रकाने होतात. लोकसंख्येच्या जागी सोळा उरतात आणि पुढचे सर्व रकाने दोन घरे सरकतात. पत्त्याच्या रकान्यात ‘मु. आरे, पो. नेवरे’ असे लिहिले, तरी तेच.

यावर रूढ उपाय असा, की ज्या रकान्यात स्वल्पविराम आहे तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा. या संकेताची लेखी मांडणी ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजात २००५ मध्ये झाली. पण अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळही येऊ शकते, असेही तो संकेत सांगतो. म्हणजे एक नोंद एकाच ओळीत मावेल, हा ओळीवर चालणाऱ्या गाळण्यांचा पायाच तेथे डळमळतो. जुन्या ऑकला अवतरणचिन्हांचा हा अर्थ कळत नाही; ती आतल्या स्वल्पविरामावरही रकाना तोडते. २०२३ मध्ये ऑकच्या निर्मात्यांनी आपल्या मूळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा भाषेत सीएसव्ही वाचण्याची खास सोय आणि यूटीएफ-८ ची जाण आणली. ‘ग्नू’ ऑकच्या ५.३ या आवृत्तीतही त्याच वर्षी सीएसव्हीची सोय झाली. आपल्या संगणकावरील आवृत्ती जुनी असेल, तर पायथन किंवा पर्लमधील सीएसव्ही वाचणारे तयार भाग वापरणे हिताचे. फाईल आपणच तयार करत असू, तर टॅब हा विभाजक सर्वांत कमी त्रासाचा. नावांत आणि पत्त्यांत तो सहसा येत नाही.

ओळीच्या शेवटीही एक चोर दडलेला असतो. विंडोजवर तयार झालेल्या फाईलीत प्रत्येक ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, तर युनिक्स-लिनक्सवर एकाच. विंडोजची फाईल लिनक्सवर गाळताना जादा चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटून राहते. आपल्या यादीत जिल्हा शेवटच्या रकान्यात आहे. त्यामुळे ‘जिल्हा रत्नागिरी’ ही अट एकाही ओळीला लागू पडत नाही आणि उत्तर येते शून्य. शून्य आले तर निदान संशय तरी येतो. अर्ध्याच ओळी अशा असल्या, तर तोही येत नाही. त्याचप्रमाणे एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात साठवलेली मराठी फाईल पुष्कळदा प्रश्नचिन्हांनी भरून येते. ती प्रश्नचिन्हे पुन्हा मराठीत आणता येत नाहीत. साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडणे, हाच त्यावर इलाज.

अंक आणि निरंक

अंकांवर अट घालताना मराठी यादीला खास धोका आहे. समजा, चौथ्या रकान्यात लोकसंख्या आहे आणि हजारावरील गावे हवी आहेत. अट अशी :

$4 > 1000

फाईलीत अंक इंग्रजी असतील तर उत्तर बरोबर येईल. ते देवनागरी असतील, तर ऑक त्यांना संख्या न समजता मजकूर समजते आणि अक्षरांच्या क्रमाने तुलना करते. युनिकोडच्या क्रमात देवनागरी अंक इंग्रजी अंकांनंतर येतात. त्यामुळे साधारणपणे चाळीस वस्तीचे गावही हजाराहून मोठे ठरते आणि सगळीच्या सगळी यादी गाळणीतून उतरते. उलट, आकडा संख्याच मानला जावा म्हणून त्यात शून्य मिळवण्याची युक्ती केली, तर देवनागरी आकड्याची किंमत शून्य धरली जाते आणि एकही गाव उरत नाही. एकाच फाईलीवर दोन अटी, एकीने सर्व घेतले, दुसरीने सर्व टाकले. देवनागरी अंकांचे आधी इंग्रजी अंकांत रूपांतर करणे, हा सोपा उपाय आहे.

रिकामा रकाना हा आणखी एक फसवा प्रकार. कार्यालयीन मराठीत माहिती नसेल तेथे ‘निरंक’ लिहिण्याची पद्धत आहे. काही जण आडवी रेघ मारतात, काही शून्य घालतात, काही जागा मोकळी सोडतात. हजाराहून कमी वस्तीची गावे मागितली, तर ऑक मोकळ्या रकान्यालाही कमीच समजते आणि माहितीच न आलेले गाव लहान गाव म्हणून यादीत जाते. उलट, ‘निरंक’ हा शब्द मजकूर म्हणून तुलनेत मोठा ठरतो आणि तेच गाव मोठ्यांच्या यादीत जाते. ‘माहिती नाही’ आणि ‘संख्या शून्य’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या फाईलीत निराळ्या ठेवल्या, तरच गाळणीत निराळ्या राहतील.

नाव की क्रमांक?

नावावर गाळण्याचा आणखी एक धोका काळाचा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे १९७१ च्या जनगणनेत मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच आढळतात. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला, तेव्हा २०११ च्या यादीत पालघर जिल्हा सापडणार नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, तर अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने लिहिलेली गाळणी नव्या फाईलीवर चालवली, तर ती अख्खा जिल्हा निमूटपणे गाळते. शिवाय खेड तालुका रत्नागिरीत आहे तसा पुण्यातही आहे. कर्जत रायगडात आहे तसे अहिल्यानगरातही आहे.

म्हणून गावाला, तालुक्याला आणि जिल्ह्याला क्रमांक देण्याची पद्धत आहे. जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७. रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक २००१ मध्ये ३२ होता, २०११ मध्ये ५२८ झाला. म्हणजे क्रमांकही कोणत्या वर्षाचा, हे पाहावेच लागते. २००१ मध्ये नंदुरबारचा क्रमांक ०१ होता. असा क्रमांक एक्सेलमध्ये उघडताच पुढचे शून्य गळते आणि ‘०१’शी तंतोतंत जुळणारी अट मग ‘१’ला उतरत नाही. तरीही नावापेक्षा क्रमांकावर गाळणे केव्हाही अधिक भरवशाचे. नावे माणसांनी वाचण्यासाठी ठेवावीत, निवड क्रमांकावर करावी.

गाळ तपासा

एवढे सारे धोके लक्षात ठेवून कोणीही निर्दोष गाळणी लिहू शकणार नाही. पण चूक पकडण्याची एक पद्धत सोपी आहे, आणि तिला फार तर चार आज्ञा लागतात. गाळण्यापूर्वी फाईलीतील एकूण ओळी मोजाव्यात. शीर्षकाची ओळ बाजूला काढावी. प्रत्येक ओळीत रकाने सारखेच आहेत ना, हे पाहून कमी-अधिक रकान्यांच्या बिघडलेल्या ओळी वेगळ्या फाईलीत ठेवाव्यात. मग उरलेल्यांवर अट चालवावी, आणि तिच्याबरोबर तिची उलट अटही चालवून न उतरलेल्या ओळी दुसऱ्या फाईलीत घ्याव्यात. ऑकमध्ये उलट अटीसाठी उद्गारचिन्ह पुढे लावले की पुरते :

!($2 == "रत्नागिरी")

घेतलेल्या, गाळलेल्या आणि बिघडलेल्या ओळी अधिक शीर्षक यांची बेरीज एकूण ओळींइतकी आलीच पाहिजे. आपल्या छोट्या यादीत चार घेतल्या, चार गाळल्या, बिघडलेली एकही नाही, शीर्षकाची एक, एकूण नऊ. बेरीज जुळली, तरी काम संपत नाही. गाळलेल्या ओळींतील तालुक्यांची वेगवेगळी नावे एकेकदाच काढून त्यांवर डोळ्यांनी नजर टाकावी. त्या यादीत ‘रत्नागिरी’ पुन्हा दिसली, तर तिच्यात अदृश्य जोडक, मागे राहिलेली मोकळी जागा किंवा निराळे टंकन आहे, हे लगेच उघड होते. लाख ओळींच्या फाईलीतही तालुक्यांची भिन्न नावे काहीशेच असतात. ती वाचायला पाच मिनिटे लागतात. मूळ फाईलीला मात्र हात लावू नये. प्रत्येक पायरीची फाईल निराळी ठेवावी आणि आज्ञा लिहून जपाव्यात, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्या तपासता येतील.

ही पाच मिनिटे का महत्त्वाची, हे कोकणाला वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा प्रत्येक आपत्तीनंतर पंचनामे होतात, त्यांच्या याद्या होतात, याद्या एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात आणि वाटेत कोठेतरी गाळल्या जातात. वाड्या आणि गावे यांची नावे सारखी, टंकन करणारे हात अनेक, बँकेला हवी असलेली लिपी निराळी. अशा यादीतून दोनदा आलेले नाव कोणीतरी दाखवून देतो. न आलेले नाव दाखवायला त्या माणसालाच तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावे लागतात, आणि तुमची नोंदच नाही, असे उत्तर ऐकावे लागते. नोंद असते, ती एका कान्यामुळे किंवा न दिसणाऱ्या चिन्हामुळे दुसऱ्या ढिगात पडलेली असते. यादी गाळणाऱ्याने तो ढीग एकदा उघडून पाहिला असता, तर ती सापडली असती.